शासकीय बालसंगोपन व बालविकास सेवा : चेणे (मिरा-भाईंदर)

ठाणे जिल्ह्यातील चेणे हे मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील गाव. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येताना गायमुख आणि काजूपाडा मागे टाकला की चेणे लागते. पुढे वरसावे नाका आणि अहमदाबाद महामार्ग. एका अंगाला उल्हासची खाडी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. डोंगरातून उतरणारी चेणे नदी याच भागात खाडीला मिळते. रस्त्यालगत हॉटेले व बांधकामे आणि आत जंगलाच्या कडेला आदिवासी पाडे, अशी इथली वस्ती आहे. लहान मुलांसाठीच्या सरकारी मदतीच्या नोंदीत हा भूगोल आधी सांगावा लागतो. मूल किती अशक्त आहे यापेक्षा त्याचे घर कोणत्या हद्दीत पडते, यावर त्याच्या ताटात काय येणार हे पुष्कळदा ठरते.

देशातील या सेवांचा एक महत्त्वाचा उगम चेण्याच्याच जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत डहाणूची किनारपट्टी ठाणे जिल्ह्यात होती. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये याच किनाऱ्यावरच्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने, काड्या, माती आली. बोलावूनही मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या झोपडीपुढच्या अंगणात बसू लागल्या. शिकवण्याच्या आधी नखे कापणे, तोंड धुणे, केस विंचरणे ही कामे असत. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली.

विकासवाडीतले पाळणाघर सोयीखातर नव्हते. आईबाप कामावर गेले की आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही आणि तिची शाळा बुडे. धाकट्याला सांभाळायला कोणी असेल तरच थोरली शिकणार, हे ताराबाईंनी ओळखले होते. पुढे सरकारने कोसबाडहून बरेच काही उचलले; नेमका हा भाग मात्र मागे राहिला.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी या दोन टोकांच्या ठिकाणी झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीमार्फत द्यायच्या, ही मांडणी आजतागायत कायम आहे. २०२१ पासून योजनेचे नाव ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ असे आहे. राज्यात आज ५५३ प्रकल्प आणि सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. ग्रामीण व आदिवासी प्रकल्प जिल्हा परिषदेकडे, तर नागरी प्रकल्प थेट एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालयाकडे. त्यामुळे शहराच्या हद्दीत रस्ता, पाणी, दिवाबत्ती पालिकेची आणि अंगणवाडी राज्याची, अशी विभागणी होते. पालिकेच्या बालवाड्या हा आणखी तिसरा प्रकार. तक्रार घेऊन जाणाऱ्या आईला हे कोणी समजावून सांगत नाही.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर व स्तनदा मातांना घरपोच आहार मिळतो. अंगणवाडी सेविका त्याला ‘टीएचआर’ म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत नाश्ता व गरम ताजा आहार. दरदिवशी मुलामागे ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० उष्मांक, असे प्रमाण ठरवले होते. खर्चाची मर्यादा २०१७ पासून सर्वसाधारण मुलासाठी दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषितासाठी १२ रुपये. कटिंग चहाही याहून महाग झाला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हा आहार सरकारची मर्जी न राहता मुलाचा हक्क झाला. तो पुरवायचा कोणी, यावर मात्र महाराष्ट्रात वर्षानुवर्षे भांडण चालले. कंत्राटदार नकोत, महिला मंडळे व बचतगट हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बजावले होते. तरी २०१९ मध्ये याच न्यायालयाला राज्याच्या घरपोच आहाराच्या निविदा रद्द कराव्या लागल्या.

हद्दीचा प्रश्न इथून पुढे जाचतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले आणि आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली : गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण आणि नंतर मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. ही योजना अनुसूचित क्षेत्र व आदिवासी प्रकल्पांच्या गावांसाठी आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व शहापूर हे तालुके पूर्णपणे आणि पालघर, वसई, भिवंडी, मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाणे तालुका मोडत नाही. चेण्याच्या पाड्यावरचे वारली मूल आणि डहाणूच्या पाड्यावरचे वारली मूल एकाच जमातीचे. पहिले मात्र कागदोपत्री शहरी आहे, म्हणून ते अंडे त्याच्या वाट्याला योजनेने येत नाही. शहरात सोयी जवळ असतात हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही, पण तो डोंगराच्या कडेच्या पाड्यापेक्षा भाईंदर स्थानकाजवळच्या इमारतीला अधिक लागू पडतो.

कुपोषण ओळखण्याचे अंगणवाडीतले सर्वांत साधे साधन म्हणजे दंडघेराची पट्टी. मुलाच्या डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांचा मध्य काढायचा, हात सैल सोडायला लावायचा आणि तिथे पट्टी गुंडाळून खिडकीत दिसणारा आकडा वाचायचा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल म्हणजे ‘सॅम’, तीव्र कुपोषित; ११.५ ते १२.५ पिवळा म्हणजे ‘मॅम’, मध्यम; त्यापुढे हिरवा. पट्टी जरा आवळली की पिवळे मूल लाल होते, सैल धरली की लालचे पिवळे. मूल रडत असेल, हात आखडून धरत असेल, तर अनुभवी सेविका आधी आईच्या दंडाला पट्टी लावून दाखवते. लाल निघालेल्या मुलाला ग्राम किंवा नागरी बालविकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडा थोडा आहार द्यायचा, आणि आजार बळावलेला असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचे, असा क्रम आहे. अडचण येते ती भरतीच्या वेळी. आईची मजुरी बुडते आणि घरी दुसरी पोरे असतात.

विकासात मागे पडणाऱ्या किंवा दिव्यांग मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही याच जिल्ह्यात, तेव्हा ठाण्यात असलेल्या पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्व व तत्सम कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांतील सुमारे ३० बाबींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी यात होते. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. तिथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी अपेक्षा आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु पथक येण्याच्या दिवशी मूल गैरहजर असले की पुढची गाठ सहा महिन्यांनी पडते, आणि दीड वर्षाच्या बाळाच्या बाबतीत सहा महिने फार मोठे असतात.

पथकावाचूनही बरेच काही ओळखता येते. सहाव्या महिन्यात मान सावरत नाही, आवाजाकडे वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द नाही, नाव घेऊन हाक मारली तरी बघत नाही : अशा खुणा माता-बाल संरक्षण कार्डात चित्रांसह दिलेल्या असतात. लसीच्या नोंदीसाठी ते कार्ड सगळे जपून ठेवतात; ही पाने फारसे कोणी उघडत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती काढली. लवकर ओळखणे, इतर मुलांत सामावून घेणे आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे हे तिचे तीन टप्पे. ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला’ हे घरातले उत्तर सेविकेला ऐकावे लागतेच. तिने ते खोडून न काढता कान तपासून आणायला सांगावे, इतके प्रशिक्षण जरी पोचले तरी पुष्कळ काम होते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्यात उपचारपद्धतींचाही खर्च धरला जातो. या साऱ्याची किल्ली वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.  तरीही सहा वर्षांपर्यंत महिला व बालविकास, सहानंतर शालेय शिक्षण, तपासणीला सार्वजनिक आरोग्य, दाखल्यानंतर दिव्यांग कल्याण, असा मुलाचा प्रवास चार खात्यांतून होतो. शाळेत समग्र शिक्षेचे विशेष शिक्षक असतात; तीव्र दिव्यांग मुलाला घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आला. तीन ते सहा या वयाला मात्र त्या कायद्यात सक्ती नाही. कलम ११ सरकारने सोय करावी, इतकेच सुचवते.

पाळणाघरांची कथा थोडकी आहे. अंगणवाडी दिवसाचे काही तास चालते आणि कामावरची आई संध्याकाळी परतते. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर बंधनकारक केले होते, पण ठेकेदार बदलत राहिला की तो आकडा कुणाच्याच हजेरीपटावर भरत नसे. मुंबईत बांधकामांवर १९७२ पासून मोबाईल क्रेश या स्वयंसेवी संस्थेने पाळणाघरे चालवून दाखवली. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे, म्हणजे विकासवाडीची जोडणी पासष्ट वर्षांनी कागदावर आली.

या सेवा ज्यांच्या बळावर चालतात त्या सेविका व मदतनीस सरकारी कर्मचारी नाहीत. त्यांना मिळते ते मानधन. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांनी सुरू केलेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सेविकेचे मानधन १३,००० व मदतनिसाचे ७,५०० रुपये झाले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मान्य केला होता. नोंदींचे ओझे मात्र वाढतेच आहे : २०२१ पासून पोषण ट्रॅकर आणि आता घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी. जिथे नेटवर्क धरत नाही, तिथे पाकीट हातात आणि मोबाईल उंच धरून उभे राहणे हाही सेविकेच्या कामाचा भाग झाला.

चेण्यासारख्या ठिकाणी शेवटी अडते ते जागेपाशी. पाड्यालगतची जमीन वनखात्याची, म्हणून पक्की खोली बांधता येत नाही, असे उत्तर सर्रास मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) मात्र अंगणवाडीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवू देते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढ्याच अटी आहेत. महापालिकेच्या हद्दीत ती ग्रामसभा कोणती मानायची, इथे फाईल थबकते. दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाचा आहे. सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या ग्रामीण वस्तीने किंवा झोपडपट्टीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत तिथे अंगणवाडी द्यावी लागते. त्यासाठी पाड्यातील मुलांची नावे व वये लिहून, पालकांच्या सह्या-अंगठ्यांसह, अर्ज नागरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि पोच घ्यायची.