नाणेघाटाचें मीठ आणि आयोडीनची कीर्ति

जुन्नराहून पश्चिमेस गेलें म्हणजे सह्याद्रीची कड एकाएकीं तुटते आणि खालीं कोकण दिसूं लागतें. त्या कडेवरील खडकांतून उतरणारी पुरातन वाट म्हणजे नाणेघाट. घाटाच्या तोंडाशीं असलेल्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळच्या यज्ञांची व दानांची नोंद ब्राह्मी लिपींत कोरलेली आहे. तींतील अंक आपल्या देशांतील अति प्राचीन अंकांपैकीं आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण असून, जकातीचें नाणें त्यांत टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे. कल्याण व सोपारा या बंदरांकडील माल या वाटेनें जुन्नरास येई. कोकणच्या मिठागरांतील मीठही बैलांच्या पाठीवरून अशाच घाटवाटांनीं देशावर चढत असे. कारण देशावरच्या कुणब्यास बहुतेक सर्व कांहीं शेतांत पिकवितां येई, मीठ तेवढें समुद्राकडे मागावें लागे.

आतां समुद्राच्या पाण्यांत आयोडीन असतें, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. त्यावरून मिठागरांतल्या मिठांतही तें पुष्कळ असावें, असा तर्क कोणीही सहज करील. हा तर्क खोटा आहे. समुद्राच्या पाण्यांत आयोडीन अगदीं अल्प असतें, आणि उन्हांत पाणी आटून मीठ धरतांना त्यांतील फारच थोडें मिठांत उतरतें. शतकानुशतकें बैलांनीं घाट चढवून आणलेल्या मिठानें देशावरील अन्नास चव दिली. आयोडीन जवळजवळ दिलेंच नाहीं. आज दुकानांत मिळणाऱ्या मिठांत जें आयोडीन असतें, तें कारखान्यांत मुद्दाम मिसळलेलें असतें. सरळ दिसणारा तर्क आणि मोजून पाहिलेली गोष्ट यांत केवढें अंतर असूं शकतें, याचें हें घरचें उदाहरण होय.

हें उदाहरण आरंभीं मांडण्याचें कारण असें कीं, आयोडीनविषयीं असाच एक सरळ दिसणारा तर्क हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतूनही ऐकूं येतो. स्त्रियांना होणाऱ्या एंडोमेट्रिओसिस नांवाच्या विकारावर आयोडीनचे थेंब किंवा गोळ्या घेतल्यानें गुण येतो, असें सांगतात. या विधानाची किंमत ठरवावयाची, तर आयोडीनला कीर्ति कशी मिळाली, तें अगोदर पाहिलें पाहिजे.

गळ्याच्या पुढील भागीं गांठ वाढणें, हा गलगंड सुश्रुतासही ठाऊक होता. यूरोपांत त्यावर समुद्रांतील स्पंज जाळून त्याची राख देण्याची चाल कित्येक शतकें होती; ती गुण कां देते, हें मात्र कोणास उमगलें नव्हतें. १८११ सालीं बर्नार्ड कूर्त्वा हा फ्रेंच गृहस्थ बंदुकीच्या दारूस लागणारा सोरा तयार करण्याच्या उद्योगांत होता. समुद्रशेवाळाच्या राखेच्या द्रवांत गंधकाम्ल अधिक पडलें, तेव्हां जांभळी वाफ उठली आणि थंड होतांच तिचे काळसर स्फटिक जमले. जांभळ्या रंगाच्या ग्रीक नांवावरून त्या द्रव्यास पुढें आयोडीन म्हणूं लागले. जिनीव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनीं १८२० सालीं असें अनुमान केलें कीं, जळलेल्या स्पंजांतील गुणकारी अंश तो हाच असला पाहिजे. आणि त्यांनीं गलगंडाच्या रोग्यांस आयोडीनचा अर्क देऊन पाहिला. कित्येकांच्या गांठी थोड्याच आठवड्यांत उतरल्या. बोलबाला एवढा झाला कीं, लोक आपण होऊन तें औषध घेऊं लागले. आणि कांहींच्या छातींत धडधड होऊं लागली, हातांस कंप सुटला, शरीर झिजूं लागलें. हे अपाय क्वांदे यांनीं स्वतःच नमूद केले व सावधगिरीचा इशारा दिला. औषधाची कीर्ति आणि औषधाचा अपाय हीं दोन्ही अशा रीतीनें बरोबरच जन्मास आलीं.

ती कीर्ति खरी ठरली, ती मात्र क्वांदे यांच्या रोग्यांवरून नव्हे. तिला पुढें कसोटीस लावलें गेलें. १९१७ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन या गांवीं मरीन व किंबल या दोघांनीं शाळेंतील मुलींना आयोडीनचा क्षार देण्यास आरंभ केला. ज्या २१९० मुलींनीं तो घेतला, त्यांपैकीं अवघ्या ५ जणींची ग्रंथि वाढली. ज्या २३०५ मुलींनीं घेतला नाहीं, त्यांपैकीं ४९५ जणींची वाढली. आपल्या देशांत १९५६ सालीं डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं हिमालयाच्या पायथ्याशीं असलेल्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीन मिसळलेलें मीठ पुरविलें, तिसऱ्यांत साधें. कांहीं वर्षांनीं पाहतां पहिल्या दोन भागांत गलगंड निम्म्याच्या सुमारास आला होता, तिसऱ्यांत तो जवळजवळ होता तसाच होता. १९६२ सालीं गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ सालीं खाण्यासाठीं बिनआयोडीनचें मीठ विकण्यास देशभर बंदी झाली.

या इतिहासांत दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. एक ही कीं, घेणारे व न घेणारे असे दोन गट समोरासमोर ठेवून मगच निर्णय दिला गेला. दुसरी ही कीं, ज्या रोगाचें मूळ आयोडीनच्या उणिवेंत होतें, त्याच रोगावर आयोडीन उपाय ठरलें. उणीव भरून काढणें निराळें आणि उणीव नसतां वर भर घालणें निराळें.

आतां एंडोमेट्रिओसिसकडे वळूं. गर्भाशयाच्या आंत एक मऊ अस्तर असतें. महिन्याच्या चक्रांत तें वाढतें, आणि गर्भ न राहिल्यास पाळीच्या रूपानें बाहेर पडतें. या अस्तरासारखेंच अस्तर बीजकोशांवर, गर्भाशयाच्या मागें, आंतड्यांवर किंवा पोटाच्या आंतील पडद्यावर वाढूं लागलें, म्हणजे त्या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. हें परक्या जागीं वाढलेलें अस्तरही महिन्याच्या चक्रास अनुसरून सुजतें व स्रवतें. परंतु त्या रक्ताला बाहेर जाण्यास वाट नसते. त्यामुळें दाह होतो, आंतील अवयव एकमेकांस चिकटतात, बीजकोशांत जुन्या रक्ताच्या गांठी धरतात. पाळींत असह्य वेदना, शरीरसंबंधाच्या किंवा शौचाच्या वेळीं वेदना, आणि मूल न होणें, हीं त्याचीं मुख्य लक्षणें. अमेरिकेंतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनीं १९२१ पासून या विकाराचें बारकाईनें वर्णन केलें. आणि पाळीचें कांहीं रक्त नलिकांतून उलट पोटांत जातें व त्यांतून हा विकार उद्भवतो, असा सिद्धांत १९२७ सालीं मांडला. परंतु असें उलट रक्त बहुतेक स्त्रियांत जातें आणि विकार थोड्यांनाच होतो. म्हणून मूळ कारणाचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जननक्षम वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें १० टक्के, म्हणजे जगांत सुमारें १९ कोटि स्त्रियांना हा विकार आहे. तो समूळ नाहींसा करणारें औषध अजून सांपडलेलें नाहीं. वेदनाशामकें, हॉर्मोनच्या गोळ्या आणि जरूर तेथें दुर्बिणीची शस्त्रक्रिया, यांनीं तो आटोक्यांत ठेवतां येतो.

जेथें पूर्ण उपाय नाहीं, तेथें उपायांच्या वार्ता फार पसरतात. आयोडीनच्या बाजूनें तीन आधार देतात. पहिला असा कीं, बीजकोशांतही थोडें आयोडीन सांपडतें, आणि स्तनांतील दुखऱ्या गांठींवर आयोडीननें कांहीं गुण आल्याचें कॅनडांतील डॉक्टरांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलें होतें. परंतु स्तनाचा विकार निराळा, हा निराळा. एकाचा दाखला दुसऱ्यास लावणें, म्हणजे समुद्रांत आहे म्हणून मिठांतही आहे असें म्हणण्यासारखेंच झालें. दुसरा आधार असा कीं, कांहीं पाहण्यांत या स्त्रियांमध्यें थायरॉइडचे विकार अधिक आढळले. हें खरें धरलें, तरी तें आयोडीन घेण्याच्या विरुद्धच जातें. कारण शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतें अशा विकारांत जादा आयोडीननें दुखणें चिघळूं शकतें. शिवाय २०१९ सालीं पॅरिसच्या संशोधकांनीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत थायरॉइडचें हॉर्मोन वाढलें असतां हें परकें अस्तर अधिकच वाढलें.

तिसरा आधार अधिक विचार करण्यासारखा आहे. १९०१ सालीं पॅरिस येथें खसखशीच्या तेलांत आयोडीन जोडून लिपिओडॉल नांवाचें औषध सिद्ध झालें. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत नलिका दिसाव्यात, म्हणून तें गर्भाशयांत भरूं लागले. आणि त्यानंतर कांहीं स्त्रियांस दिवस राहतात, असें डॉक्टरांच्या नजरेस आलें. न्यूझीलंडमध्यें झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगांत एंडोमेट्रिओसिस असलेल्या साठेक स्त्रियांमध्यें या तेलानें गर्भधारणेचें प्रमाण स्पष्टपणें वाढल्याचें दिसलें. हा पुरावा खरा आहे. पण तो कशाचा पुरावा आहे, हें नीट पाहिलें पाहिजे. तें औषध डॉक्टर एकदां गर्भाशयांत सोडतात, कोणी रोज पाण्यांतून पीत नाहीं. त्याचा गुण आयोडीनचा आहे, असें सिद्ध नाहीं. तेलाचाच तो असावा असें पुष्कळांचें मत आहे. तो गुण गर्भधारणेचा आहे, विकार हटण्याचा नव्हे. आणि त्यांतील आयोडीन शरीरांत दीर्घकाळ रेंगाळतें, म्हणून पुढें आई व मूल या दोघांच्याही थायरॉइडकडे लक्ष ठेवावें लागतें. तोंडावाटे घेतलेल्या आयोडीननें एंडोमेट्रिओसिस हटतो, असें ॲक्रन किंवा कांगडा येथल्यासारख्या तुलनेनें दाखविलेलें नाहीं.

"गुण नाहीं तर नाहीं, अपाय तरी काय होणार?" असें कोणी विचारील. त्यासाठीं थोडा हिशेब करूं. प्रौढ मनुष्यास रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतें, गर्भवतीस २५०. घरापर्यंत पोंचणाऱ्या मिठांत दर ग्रॅमास निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावें, असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठांत १५० मायक्रोग्रॅम झालें. कांहीं भाग शिजवतांना उडून गेला, तरी दूध, मासे, अंडीं यांतूनही थोडें मिळतें. उलट लुगोलचा द्रव म्हणून जो मिळतो, त्याच्या ५ टक्के अर्काच्या एकाच थेंबांत सुमारें ६ मिलिग्रॅम, म्हणजे ६००० मायक्रोग्रॅम आयोडीन असतें. एका थेंबांत चाळीस दिवसांचा शिधा! असे थेंब महिनेंच्या महिने घेतले तर कोणाची ग्रंथि मंदावते, कोणाची भडकते. आणि मंदावलेल्या ग्रंथीमुळें पाळी बिघडते, दिवस राहण्यास अडथळा येतो. ज्या दुःखावर उपाय म्हणून घ्यावें, तेंच दुःख वाढावें, असा हा प्रकार आहे.

तरीही स्त्रिया अशा थेंबांकडे कां वळतात, हें समजून घेतल्याशिवाय त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. १९८९ सालीं डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवच्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधीं तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्क्यांच्या सुमारास होत्या. गडचिरोली जुन्नरापासून दूर आहे. पण पाळीच्या दुखण्याविषयींचें मौन दोन्हीकडे एकच. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतून महादेव कोळी व ठाकर स्त्रिया बाळहिरडा गोळा करून वाळवितात. तो विकून वर्षाचा बराच खर्च भागतो. पाळीच्या दिवसांत जिला उभें राहवत नाहीं, तिलाही हिरड्याच्या हंगामांत डोंगर चढावा लागतो आणि लावणीच्या दिवसांत भाताच्या खाचरांत वाकून राहावें लागतें. "बाईच्या जातीला हें असायचेंच" असें तिला आई सांगते, सासू सांगते, आणि पुढें तीच आपल्या मुलीस सांगते. नारायणगांव-मंचरच्या सुखवस्तु घरांतही याहून निराळें बोलणें होतें असें नाहीं. तेथें फार तर एकादी बाटली अधिक येते. वेदना सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सात-आठ वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ लोटतो, असा जगभरचा अनुभव आहे. त्या वर्षांत विकार वाढत राहतो. आयोडीनच्या बाटलीचा मोठा अपाय तिच्यांतील द्रवांत आहेच. पण त्याहून मोठा अपाय ती जीं वर्षें खाते त्यांत आहे.

हिरड्याची थोरवी आपल्या वैद्यकांत लहान नाहीं, आणि त्याचें झाड ज्यांच्या दारांत, त्यांस ती सांगावी लागत नाहीं. तरी मोडलेल्या हाडावर हिरडा बांधून कोणी स्वस्थ बसत नाहीं. औषधाचा मान राखणें म्हणजे त्याचें कार्यक्षेत्र ओळखणें. आयोडीननें आपल्या देशांतील असंख्य मुलांस गलगंडापासून व बुद्धिमांद्यापासून वांचविलें आहे. त्याचा तो मान आम्हांस पूर्ण मान्य आहे. म्हणून मीठ घ्यावें तें आयोडीनचेंच घ्यावें, आणि झांकून ठेवावें. परंतु घरांतील मुलगी पाळीच्या दिवसांत दर महिन्यास शाळा चुकवीत असेल, अंथरूण धरीत असेल, नेहमींच्या गोळीनें तिला उतार पडत नसेल, तर तें सोसण्याचें दुखणें नव्हे, दाखविण्याचें आहे. जुन्नर, नारायणगांव, घोडेगांव व मंचर येथें सरकारी रुग्णालयें आहेत. तेथून पुढें जरूर पडल्यास पुण्यास ससून रुग्णालय आहे. तेथें जाण्यासाठीं घरांतल्या वडील माणसानें एकदां तिला एवढेंच विचारावें लागतें, कीं तुला नेमकें कोठें आणि किती दुखतें. हा प्रश्न आमच्या घरांतून अजून फार थोड्या वेळां विचारला जातो.