टॉवरसाहेबांचं बूच

गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं चित्र असलेला एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. एरवी आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण खोलून पुन्हा बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं आणि तो विझलाच नाही, तर भल्याभल्या मेकॅनिकना घाम फुटतो. या वीकांताला त्या दिव्यामागची गोष्ट.

सुरुवात 1883 सालची, इंग्लंडमधली. तिथल्या मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेने बीचम टॉवर नावाच्या इंजिनियरला घर्षण मोजायचं काम दिलं होतं. फिरणारा दांडा, त्याच्यावर रेल्वेच्या डब्याला असतं तसं पितळी अर्धं बेअरिंग, दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला. वरून तेल सोडायला म्हणून टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. मशीन सुरू केलं तर काय, तेल आत जायच्याऐवजी भोकातून वर यायला लागलं! पसारा नको म्हणून त्याने बूच मारलं. ते हळूहळू बाहेर ढकललं गेलं. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज लावला. काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पार गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता 100 पौंड, आणि जोडीला कुठलाही पंप नव्हता!

याचं गणित 1886 मध्ये मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्सने मांडलं. दांडा बेअरिंगमध्ये किंचित एका बाजूला सरकून फिरतो आणि निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत तेल खेचतो. तिथे दाटीवाटी होते, दाब तयार होतो आणि दांडा उचलला जातो. धातूला धातू लागतच नाही. थोडक्यात काय, तर क्रँकशाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि तो थर स्वतःच पैदा करतो.

मग पंप कशाला? तर त्या फटीत तेल कमी पडू नये म्हणून. 1890 मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतल्या आल्बर्ट पेनने वाफेच्या इंजिनासाठी पंपाने तेल पुरवायचं पेटंट घेतलं. मोटारींत हे सरसकट यायला मात्र वेळ लागला. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी खपलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये ना तेलाचा पंप होता, ना गेज. फ्लायव्हील तेल उडवायचं, ते एका नळीतून पुढे जायचं, बाकी देवाची कृपा. पुढे इंजिनं जास्त वेगाने फिरायला लागली, भार वाढला आणि पंपाशिवाय भागेना.

आता गंमत बघा. पंप फक्त तेल ढकलतो. गेजवर जो दाब दिसतो तो त्या तेलाला वाटेत होणाऱ्या अडथळ्याचा. म्हणून काटा पडलेला असेल तर प्रश्न दोनच: तेल निघतंय का, आणि वाटेत कुठे गळतंय का?

माझ्या मित्राच्या वडिलांच्या जुन्या गाडीचं हेच झालं. पूर्ण इंजिनकाम झालं, नवीन बेअरिंगं बसली आणि दिवा काही विझेना. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "काका, जरा रेस देऊन बघू, चढेल प्रेशर." वस्तादांनी धावत येऊन चावी काढून घेतली. "तेल नसताना रेस दिलीस तर दोन मिनिटांत क्रँक खाईल. मग काय विकून भरणार आहेस?"

पुढचा तासभर म्हणजे डिबगिंगचा धडाच होता. स्वस्त आणि सोपं ते आधी. दिव्याचा स्विच काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावला. सेन्सरच खोटं बोलत असेल तर इंजिन कशाला खोला? स्पार्क प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, म्हणजे बेअरिंगवर भार येत नाही. काटा शून्यावरच. तेलाची पातळी बरोबर. मग पंप काढला. कोरडा पंप हवाच घुमवत बसतो, म्हणून त्यात व्हॅसलीन भरून परत बसवला. तरी शून्य. रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला नव्हता. शेवटी पुढचं कव्हर उघडलं, आणि सापडलं: तेलाच्या वाटा साफ करताना काढलेला एक प्लग परत बसवलाच नव्हता. सगळं तेल तिथूनच परत चेंबरमध्ये पडत होतं.

बेअरिंगवर शंका का घेतली नाही, असं मी विचारलं. वस्ताद म्हणाले, "बेअरिंग ढिलं असतं तर थंड असताना प्रेशर दाखवलं असतं आणि गरम झाल्यावर पडलं असतं. इथे पहिल्यापासूनच शून्य." तेल तापलं की पातळ होतं, त्यामुळे फट मोठी असेल तर ते भसाभस निसटतं. फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला गळती आठपट! हेही रेनॉल्ड्सच्याच गणितातून निघतं. वस्तादांनी रेनॉल्ड्सचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. पण ते त्याचंच समीकरण कानाने आणि बोटांनी सोडवत होते.

असो. प्लगची किंमत किरकोळ, क्रँक वाचला. पुढच्या वेळी तुमच्या गाडीचा तो दिवा विझेल तेव्हा टॉवरसाहेबांच्या बुचाची आठवण काढा. आणि चालत्या गाडीत कधी लागलाच, तर "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणू नका. बाजूला घ्या, आधी इंजिन बंद करा.