खटला कुणाचा?

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईच्या मलबार हिलवर एक मोटार अडवली गेली. आत अब्दुल कादर बावला हे तरुण, धनिक व्यापारी होते. महापालिकेचे ते सदस्यही होते. सोबत मुमताज बेगम होती. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारातून ती निसटून आलेली. हल्लेखोरांनी बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या तोंडावर वार केले आणि तिला ओढून न्यायला निघाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यांच्यातला एकजण तर हातातली गोल्फची काठी घेऊनच तुटून पडला. मुमताज वाचली, बावला वाचले नाहीत.

आमच्या वाचनालयाच्या वाचकमंडळाने आपल्याच शहरातल्या जुन्या गुन्ह्यांचा इतिहास वाचायचा ठरवला, तेव्हा पहिला मान या खटल्याला मिळाला. काही सभासदांनी नाकं मुरडली. खुनाच्या गोष्टी कसल्या वाचायच्या? पण धवल कुलकर्णी यांचं २०२१ चं या खटल्यावरचं पुस्तक हातोहात फिरलं आणि चर्चा रंगली.

आधी बोलणं झालं ते बड्या माणसांचं. हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प, आरोपींच्या वकिलांत बॅरिस्टर जिना. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा, असं सरकारने महाराजांना बजावलं. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. एका खुनापायी संस्थानिक पायउतार झाला, याचंच सगळ्यांना नवल.

मग एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, "अहो, पण ती काय म्हणाली?"

ती बरंच काही म्हणाली होती. इंदूरला परत जायचं नाही म्हणून दिल्लीला गाडीतून उतरल्याचं तिने कोर्टात सांगितलं. आपल्या तान्ह्या मुलीला तिथे मारलं गेलं, हेही सांगितलं. चेहऱ्यावरच्या जखमा घेऊन, भरल्या कोर्टात. त्या मुलीच्या मृत्यूचा खटला मात्र कुणी उभा केला नाही. नाव पडलं ते बावला खटला. मला विचाराल तर हा खटला त्या बाईच्या 'नाही' या एका शब्दावरून उभा राहिला होता. दरबाराला तो ऐकायची सवय नव्हती.

त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने या प्रकरणावरून 'कुलीन कांता' हा चित्रपट काढला. तो मूकपट होता.