समाजटीकेचें अधिष्ठान

समाजाला दोष देणारा मनुष्य त्याच समाजांत जन्मलेला व त्याच्याच भाषेंत बोलूं लागलेला असतो. मग ज्या मापानें तो समाजाला मोजतो तें माप त्यानें आणलें कोठून, असा प्रश्न सनातनी पक्ष सुधारकांना नेहमी विचारीत आला आहे. प्रश्न खोडसाळपणानें विचारला गेला, तरी तो पोकळ नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रानें त्याला तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्यांचा विचार येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

पहिलें उत्तर शास्त्राचें. १८५६ सालीं विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. पण कायद्यानें लोकमत बदलत नाहीं. म्हणून विष्णुशास्त्री पंडित यांनीं ईश्वरचंद्र विद्यासागरांचा या विषयावरील ग्रंथ मराठींत आणला, व महादेव गोविंद रानडे यांनीं पुनर्विवाहाला वेदांतील आधार शोधून दाखविले. आम्ही नवें कांहीं मागत नाहीं, तुमचेंच शास्त्र तुम्ही विसरलां आहां, असा त्यांचा एकंदर रोख होता. ज्याचें मन वळवावयाचें त्याच्याच श्रद्धेला हात घालणें ही या युक्तिवादाची मोठी शक्ति होय. परंतु १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांपुढें वाद झाला, तेव्हां बहुमताचा निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. वचनें दोन्ही पक्षांना सांपडतात. न्यायासन मात्र एकाच पक्षाच्या हातीं असतें. पुढें १८७३ सालीं रानड्यांची पहिली पत्नी निवर्तली, आणि वडिलांच्या इच्छेपुढें मान तुकवून त्यांनीं विधवेशीं नव्हे, तर ११ वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. त्याच मुलीला त्यांनीं शिकविलें, व त्या रमाबाई पुढें पुणें सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, हेंही सांगितलें पाहिजे. तथापि परंपरेच्या आधारानें परंपरेशीं भांडणाऱ्याचा पाय तींत किती खोल रुतलेला असतो, हें या प्रसंगावरून दिसतें.

दुसरें उत्तर बुद्धीचें. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें आणि न्यायासनच बदललें. रूढि शास्त्रोक्त आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्यांच्या लेखीं गौण होता. तिनें मनुष्याचें सुख वाढतें कीं दुःख, हें ते विचारीत. मिल व स्पेन्सर यांच्या वाचनाचा हा संस्कार होय. १८९१ च्या कायद्यानें संमतिवय १० वरून १२ वर नेलें. त्या वेळीं गर्भाधानाच्या शास्त्रार्थाचा खल चालला असतां आगरकरांचा भर बालवधूच्या हिताहितावर होता. त्यांच्या जिवंतपणींच पुण्यांत त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली. १८९५ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या निर्भयतेविषयीं शंका नाहीं; पण त्यांचा वाचक बहुतांशीं आमच्यासारखा पांढरपेशाच राहिला.

तिसरें उत्तर याच्या आधींचें आहे. आमच्या वर्गाच्या कानीं तें उशिरां पडलें. जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, व १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहून सत्यशोधक समाज स्थापिला. ज्यांना वेद ऐकण्याचीही मनाई, त्यांनीं वेदांतून आधार कसा काढावा? म्हणून निर्मिकानें सर्व माणसें समान हक्कांचीं घडविलीं, हें माप फुल्यांनीं धरलें, व राबणाऱ्याच्या अनुभवाला साक्षीदाराचा मान दिला. त्यांनीं टॉमस पेन वाचला होता. पण शेतकऱ्याचें दुःख त्यांना पेनच्या पुस्तकांत सांपडलेलें नव्हतें. हीच दिशा पुढें डॉ. आंबेडकरांच्या चळवळींत दिसते. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास मनुस्मृति जाळण्यांत आली, तेव्हां १८७० चें तें न्यायासनच नाकारलें गेलें.

हीं तिन्ही उत्तरें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों, आणि पहिल्याकडे आमचा ओढा होता हें कबूल केलें पाहिजे. त्यांत घरच्या वडीलधाऱ्यांना दुखवावें लागत नाहीं. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "शास्त्रांत आधार सांपडलाच नसता, तर विधवांचें दुःख योग्य ठरलें असतें काय?" त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं.

आज आमचें उत्तर असें आहे. रानड्यांनाही दुःख आधीं दिसलें असावें, आणि वचनें मागाहून सांपडलीं असावींत. परंपरेची भाषा ही ऐकणाऱ्याला जवळ आणण्यापुरती, व बुद्धि ही पारख करण्यासाठीं. परंतु टीकेचा अधिकार सोसणाऱ्याच्या दुःखांतूनच येतो. समाजांतील शेवटच्या मनुष्याला ज्या भूमीवर उभें राहतां येत नाहीं, ती टीकेची भूमि पुरेशी नव्हे. आमच्या घरांतील कोणाचें गाऱ्हाणें आम्हीं आधार नाहीं म्हणून आजवर ऐकलें नाहीं, याचा विचार वाचकांनींही आमच्याबरोबर करावा.