परड्यातली शांतता



"मन थाऱ्यावर नाही बघ," हे वाक्य गटाच्या बैठकीत कितीदा ऐकू येतं! कर्जाचा हप्ता, मुलांची फी, घरातलं आजारपण. हे ओझं जुनंच आहे. ते घटकाभर उतरवायची जागाही जुनीच आहे, ती म्हणजे घरामागचं परडं.

आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांमागं परडं असायचं. न्हाणीचं पाणी अळवाला नि केळीला जायचं, कुंपणावर दोडका चढायचा. घरात कोणी बोललं, की सासुरवाशीण भाजी खुडायच्या निमित्तानं तिथं जायची आणि डोळे पुसून परत यायची.

भाजीच्या वाफ्यात मन शांत होतं, हे आपल्या संतांनी दाखवून दिलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी तेराव्या शतकातले. पंढरपूर जवळ, तरी ते वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. त्यांना विठ्ठल मळ्यातल्या भाजीतच दिसला. १२९५ साली त्यांनी अरणलाच देह ठेवला. काम सोडून शांती शोधायला जायला नको, ती कामातच आहे, हा त्यांचा धडा.

परड्यात नव्यालाही जागा मिळाली. जिच्याशिवाय आपला तांबडा रस्सा होत नाही, ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. तिथून ती घराघरांत रुजली, आपलीच झाली.

पुढं पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, परडी गेली. त्याची किंमत ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कळली. महामार्ग बंद पडला, बाहेरून भाजी येईना. ज्यांच्या गच्चीवर चार कुंड्या होत्या, त्यांच्या घरात निदान कोथिंबीर-मिरची होती.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण घरच्या परसबागेतून त्यांनी गावरान बियाणं जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज सगळे त्यांना बीजमाता म्हणतात.

मैत्रिणींनो, परसबागेनं हप्ता फिटत नाही, हे खरं. पण मेथी पेरली की महिनाभर थांबावंच लागतं, चिडून ती लवकर येत नाही. रोज पाणी घालताना हात कामात राहतात नि डोकं मोकळं होतं. जागा नसेल तर तेलाचा रिकामा डबा घ्या, तळाला भोकं पाडा, माती नि शेणखत भरा आणि उन्हात ठेवा. मात्र कित्येक दिवस झोपच लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर एकटीनं सोसू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचं मूठभर बी आणायचं. वाटून घेऊ.