सुमिदाचा बांध आणि साकुराची फुलं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तोक्योतली माणसं घरात थांबत नाहीत. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, झाडाखाली ताडपत्री पसरायची, डबे उघडायचे, प्यायचं, गप्पा हाणायच्या. याला म्हणतात 'हानामी'. शब्दाचा अर्थ अगदी साधा, फुलं पाहणं.

ही हजार वर्षांची परंपरा, असं सगळीकडे छापलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. सागा नावाच्या सम्राटाने ८१२ साली क्योतोत फुलांची मेजवानी दिली होती, पण ती दरबाऱ्यांची. तोक्योच्या हमालाला, सुताराला, कोळणीला फुलांखाली बसायला मिळालं ते बऱ्याच उशिरा. मुळात शहरच नवं. आपल्या गोव्याहून १५४९ साली निघालेला फ्रान्सिस झेवियर जपानला पोचला, तेव्हा एदो (तोक्योचं जुनं नाव) हे एक किरकोळ गाव होतं. १५९० साली तोकुगावा इएयासू तिथे आला आणि मग गावाचं नशीब पालटलं.

एदोत फुलं पाहायची पहिली मोठी जागा म्हणजे उएनो. तिथे १६२५ साली कानेइ-जी हे बौद्ध मंदिर उभं राहिलं. आवारात साकुरा लावले, लोकही जाऊ लागले. पण हे शोगुनच्या घराण्याचं मंदिर! दारू नाही, वाद्यं नाहीत, सांज झाली की दरवाजे बंद. फुलं बघा आणि मुकाट्याने घरी जा.

हे बदललं आठव्या शोगुनने. योशिमुने त्याचं नाव. माणूस भलता काटकसरी, लोकांच्या चैनीवर बंधनं घालणारा. त्यानेच १७२० पासून आसुकायामा टेकडीवर बाराशेहून अधिक साकुरा लावून घेतले आणि १७३७ साली टेकडी रयतेला मोकळी केली. (१७२० म्हणजे आपल्याकडे बाजीराव पेशवा झाला ते साल.) इथे प्यायला, गायला, सोंगं काढून नाचायला मुभा होती. टेकडीवर एक शिलालेखही बसवला, तो इतक्या अवघड चिनी भाषेत की एदोकरांनी त्याच्यावर विनोदी कविता केल्या. शिळा अजून तिथे आहे.

सुमिदा नदीच्या बांधावरही त्याच काळात झाडं लागली. त्यामागे हिशेब होता असं सांगतात. झाडाच्या मुळांनी माती धरायची आणि फुलं बघायला येणाऱ्या हजारो पायांनी ती तुडवून घट्ट करायची. बांध फुकटात मजबूत! खाजनाचे बांध सांभाळणाऱ्या गोंयकारांना यातली मेख समजावून सांगायला नको.

याच बांधावरच्या चोमेइ-जी देवळाच्या राखणदाराने १७१७ साली, रोज झाडून टाकावी लागणारी साकुराची पानं मिठात मुरवली आणि त्यांत गोड सारणाची मिठाई गुंडाळून विकायला काढली. तीच साकुरामोची. आपण पातोळीचं हळदीचं पान काढून टाकतो, तिथे बरेच जण पानासकट खातात.

मात्र योशिमुनेची झाडं आज दिसतात ती नव्हेत. ती बहुतेक डोंगरी साकुराची, एकेक आपल्या वेळेने फुलणारी. आज जिकडेतिकडे दिसतो तो 'सोमेइ-योशिनो', एदोजवळच्या सोमेइ गावच्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात विकायला आणलेला. सगळी झाडं कलमं. म्हणून एकदम फुलतात आणि एकदम झडतात. १८६८ नंतर ती शाळांत, किल्ल्यांत, सैन्याच्या छावण्यांत लागली. एकाच वेळी झडणारं फूल लष्कराला फार आवडलं. सैनिकानेही असंच झडावं, हे शाळेपासून शिकवलं गेलं. १९४५ साली वैमानिकासकट शत्रूच्या जहाजावर आदळणारं एक विमान युद्धात उतरलं, त्याचं नाव 'ओका'. अर्थ, चेरीचं फूल. मला हे नाव वाचताना अजून कसंसंच होतं.

त्याच वर्षी ९-१० मार्चच्या रात्री अमेरिकन विमानांनी तोक्योवर आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे एक लाख माणसं गेली. सुमिदाचे दोन्ही काठ जळाले. जिथे लोक फुलं पाहायला बसत, त्या सुमिदा उद्यानातही प्रेतं तात्पुरती पुरावी लागली. तिथे आता स्मारक आहे आणि त्याच उद्यानात हानामीही होते.

तोक्योत मोसम सुरू झाल्याचं हवामान खातं जाहीर करतं ते यासुकुनी या युद्धमृतांच्या देवस्थानातलं एक ठरलेलं झाड बघून. पाच-सहा फुलं उमलली की झालं. २०२०, २०२१ आणि २०२३ साली ही फुलं १४ मार्चलाच आली, इतकी लवकर कधीच आली नव्हती. युद्धानंतर लावलेले सोमेइ-योशिनो आता म्हातारे झालेत, रोगही पडतो. त्यांच्या जागी 'जिंदाई-आकेबोनो' नावाची जात लावतात. फूल जरा जास्त गुलाबी. तिचे पूर्वज जपानहून अमेरिकेला गेले होते, तिथून परत आले.