मोसंबीची वंशावळ

जालना जिल्ह्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या फळाचे कुळ कोणते, हे जाणण्यास बखरी व सनदा उपयोगी पडत नाहीत. झाडाच्या पेशींतील लेखच वाचावा लागतो.

डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला लेख होय. त्यात जागोजाग दोन-तीन अक्षरांचे तेच तुकडे, जपातील नामाप्रमाणे, पुनःपुन्हा येतात. आवर्तनांची संख्या वंशपरत्वे बदलत असल्याने शास्त्रज्ञ त्यांस कुळाची खूण मानितात. अशा खुणांवरून, व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकलेखावरून, मोसंबीच्या मुळाशी पपनस व संत्रे यांचा संकर आहे हे दिसून आले.

मौज पुढेच आहे. मोसंबी, सातगुडी, माल्टा या एकाच मूळ झाडाच्या लेकी. डोळा भरून वाढविलेल्या व क्वचित घडलेल्या बारीक फेरबदलांनी निराळ्या झालेल्या. त्यामुळे या खुणा त्यांच्यांत बहुधा सारख्याच आढळतात. खुंट रंगपूर लिंबाचा आणि डोळा मोसंबीचा, एवढा भेद मात्र त्या बिनचूक दाखवितात.

मग जालन्याचे असे काय उरले? २०१२-१३ च्या अवर्षणात तेथील कित्येक बागा वाळून गेल्या. पुढे शेतकऱ्यांनी पुन्हा कलमे लाविली. आमच्या मते फळाचे कुळ पेशींत लिहिलेले असते. त्याचे गाव मात्र माती, हवा आणि माणसाचे कष्ट लिहितात.